अपघात पलीकडच्या बाजूला, कोंडी आपल्या बाजूला: गाड्या हळू का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुभाजकाच्या पलीकडे अपघात झालाय. आपल्या बाजूच्या सगळ्या लेन मोकळ्या आहेत, रस्त्यावर काचा नाहीत, तेल सांडलेलं नाही, कुणी हात दाखवून अडवत नाही. तरी गाड्या रांगत का जातात? माणसं इतकी निर्दय झालीत का, की दुसऱ्याचं मरण बघायला थांबतात? शेवटी विचारणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलंय, की त्या जागी पोचल्यावर आपलीही मान वळते आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

महामार्गावरचे अपघात हटवणं, वाहतूक वळवणं आणि नंतर कॅमेऱ्यातलं चित्रण बघून कोंडी कशी वाढत गेली त्याचा हिशेब लावणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी लाजेचं बोलू. मान वळण्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही, कारण ती तुम्ही वळवलेलीच नसते. नजरेच्या कडेला अचानक काही हललं, चमकलं, नेहमीपेक्षा वेगळं दिसलं की डोळे तिकडे जातात. पावलॉव्हने कुत्र्यांच्या प्रयोगांतच या प्रतिक्षिप्त क्रियेची नोंद केली होती. 'हे काय आहे?' असं शरीर आधी विचारतं, मन नंतर. त्यातून समोर उलटलेली गाडी असेल, लाल-निळे दिवे फिरत असतील, कुणी रस्त्यावर आडवं पडलेलं असेल, तर मेंदू त्याला धोका समजतो आणि बाकी सगळं बाजूला सारतो. चांगल्या गोष्टीपेक्षा वाईट गोष्टीकडे आपलं लक्ष लवकर जातं आणि तिथे जास्त वेळ रेंगाळतं, हे मानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसून आलंय. ज्याचं लक्ष धोक्याकडे जात नव्हतं तो फार काळ जगला नसावा, इतकं साधं कारण त्यामागे असू शकतं.

दुसरी गोष्ट, बघण्यात सगळी हौस नसते. अपघातातल्या माणसांना उतरवून घेताना, वाहतूक सोडताना मी शेजारून जाणाऱ्यांचे चेहरे जवळून बघितलेत. काहींच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल असतं हे खरं. पण कित्येक जण गाडीचा रंग आणि नंबर बघत असतात. घरचं कुणीतरी याच रस्त्याने याच सुमाराला निघालेलं असतं, गाडीही साधारण तशीच असते, आणि 'आपलं कुणी नाही ना' एवढी खात्री झाली की माणूस सुटकेचा श्वास सोडून पुढे जातो. काही जण हे कसं झालं असेल ते ताडत असतात: ट्रक मागून आला असेल, टायर फुटला असेल, डुलकी लागली असेल. आपल्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून माणूस दुसऱ्याच्या संकटातून माहिती गोळा करतो. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या सुझान ओस्टरवाइक यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दोन छोट्या चित्रांतलं कोणतं मोठं करून बघायचं ते निवडायला दिलं होतं. साध्या चित्राऐवजी हिंसा किंवा मृत्यू असलेलं चित्र लोकांनी बऱ्याचदा आपणहून निवडलं, विशेषतः त्यात माणसं असतील तेव्हा. ती विकृत माणसं नव्हती, तुमच्याआमच्यासारखीच होती. म्हणून 'माणूस निर्दय झालाय' हे निदान मला मान्य नाही. निदान चुकलं की उपायही चुकतो, आणि मग आपण नुसतं उपदेशाचे फलक लावत बसतो.

तिसरं कारण तुमच्या पुढच्या गाडीचं. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या फुटपाथवर माणसं उभी केली आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे वर बघायला सांगितलं. एकच माणूस वर बघत होता तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले. पंधरा जण बघत होते तेव्हा ४० टक्के थांबले, आणि ८६ टक्क्यांनी निदान मान तरी वर केली. खिडकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. रस्त्यावर हेच घडतं, फक्त इथे बघण्याची खूण म्हणजे ब्रेक लाइट. पुढच्याचे दिवे लागले की तुम्ही पाय उचलता, आणि हे योग्यच आहे, कारण तो का थांबतोय हे तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणजे रांगेतले सगळे जण बघे नसतात. पुष्कळ जण केवळ पुढच्याला धडकू नये म्हणून हळू झालेले असतात.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या हातातलं आहे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले थॉमस शेलिंग यांनी हा पेच फार नेमका पकडला होता. दहा सेकंद बघायला मिळावं म्हणून जो तो दहा मिनिटं मोजतो. आधी विचारलं असतं तर हा सौदा कुणीच केला नसता. पण अपघाताजवळ पोचेपर्यंत त्याची दहा मिनिटं गेलेलीच असतात, ती परत मिळणार नसतात. आता बघितलं तर त्याचं स्वतःचं काही जात नाही, जातं ते मागच्यांचं. 'एवढा वेळ अडकलो, निदान कशासाठी ते तरी कळू दे' ही भावना रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात असते. दोष एकट्यादुकट्याचा नसतो, प्रत्येकाचा अगदी थोडा असतो, आणि म्हणूनच कुणालाच तो आपला वाटत नाही.

हा 'थोडा' किती, ते आकड्यांत बघू. वाहता महामार्ग भरून चालला असेल तेव्हा एका लेनमधून तासाला साधारण २,००० गाड्या जातात. म्हणजे एका गाडीनंतर दुसरी सुमारे १.८ सेकंदांनी. आता प्रत्येकाने बघण्याच्या नादात पुढच्या गाडीशी फक्त अर्ध्या सेकंदाचं जास्तीचं अंतर पडू दिलं असं धरा. गाड्या २.३ सेकंदांच्या अंतराने जायला लागल्या की तासाला १,५६५ च्या आसपासच जातील. मागून येणाऱ्या मात्र २,००० च आहेत. तासाभरात एका लेनमध्ये चारशेहून जास्त गाड्या तुंबल्या. रांगत्या रांगेत गाडी आणि मोकळी जागा मिळून बारा मीटर धरले तरी रांग पाच किलोमीटरच्या घरात गेली. कुणी थांबलं नाही, कुणी उतरलं नाही. प्रत्येकाने फक्त अर्धा सेकंद घेतला.

प्रत्यक्षात नुकसान याहूनही मोठं असू शकतं. नेदरलँड्समध्ये व्हिक्टर क्नूप आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अपघातांच्या जागांचं चित्रण करून वाहतूक मोजली, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. अपघाताच्या बाजूला ज्या लेन चालू राहिल्या होत्या त्यांची क्षमता निम्म्यावर आली होती, आणि दुभाजकापलीकडची, जिथे काहीच अडलेलं नव्हतं, तिचीही जवळपास निम्म्यावर आली होती. दरवेळी एवढी घट होते असं नाही. गाडी कडेला व्यवस्थित उभी असेल, दिवे कमी असतील, दुभाजक उंच असेल तर परिणाम जेमतेम जाणवतो. गाडी उलटलेली, धूर, आजूबाजूला उभी माणसं आणि सगळ्या बाजूंनी लखलखणारे दिवे असतील तर खूप जाणवतो.

कोंडी मग तिथेच थांबत नाही, ती मागे सरकते. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना एकसारख्या वेगाने चालवायला सांगितलं. वाटेत अडथळा काही नव्हता. थोड्याच वेळात कुणाचं तरी जरासं मागेपुढे झालं, मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि शेवटी काही गाड्या पूर्ण थांबल्या. गाड्या पुढे जात होत्या आणि थांबण्याची ती लाट ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे येत होती. अपघाताजवळ कुणीतरी निवांत बघत जरा जास्त हळू होतो, तेव्हा त्याने सोडलेली लाट अशीच मागे जाते. काही मिनिटांनी दोन किलोमीटर मागे कुणीतरी करकचून ब्रेक दाबतो. का दाबावा लागला ते त्याला कधीच कळत नाही.

म्हणूनच गाडी उचलून नेल्यावरही कोंडी राहते. वर धरलेल्या चारशे गाड्या तुंबल्यात, अपघात हटला, रस्ता पूर्ववत झाला. रांगेतून सुटणाऱ्या गाड्या पूर्ण क्षमतेने सुटत नाहीत, तासाला १,८०० धरा. मागून आता १,६०० येतायत. म्हणजे तासाला फक्त दोनशे गाड्यांची रांग कमी होणार. संपायला दोन तास. तेवढ्या वेळात त्या जागी पोचणाऱ्यांना तिथे काहीच दिसत नाही आणि ते चिडून म्हणतात, उगाचच अडवलं होतं. उगाच नव्हतं, फक्त कारण निघून गेलेलं होतं.

इथपर्यंत नुसता वेळेचा हिशेब झाला. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या अपघाताची.

नियंत्रण कक्षात एखाद्या अपघाताचं चित्रण मागेपुढे करून बघताना एक क्रम वारंवार दिसतो. गाडी अपघाताच्या समोर येते. आधी ब्रेक लाइट लागतात. मग खिडकीची काच खाली येते. मग गाडी लेनमध्ये हळूहळू एका बाजूला सरकायला लागते, त्याच बाजूला जिकडे चालक बघतोय. त्याने स्टिअरिंग मुद्दाम फिरवलेलं नसतं. मान आणि खांदे वळले की हातही किंचित वळतात. दुचाकी शिकवणारे पहिल्याच दिवशी सांगतात ना, जिथे नजर तिथे गाडी, ते चारचाकीलाही लागू आहे. काही गाड्यांत याच वेळी खिडकीतून मोबाइल वर येतो. पुढची गाडी या दरम्यान थांबलेली असते.

रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून जास्त हटली की धडकेचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका निदान दुप्पट होतो, असं अमेरिकेत शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या २००६ च्या अभ्यासात दिसलं. ताशी ८० किलोमीटर वेगाला दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर जाते. व्हर्जिनियातल्या एका पाहणीत लक्ष विचलित होऊन झालेल्या अपघातांत सगळ्यात मोठा वाटा, १६ टक्के, होता तो दुसरा अपघात, रस्त्याकडेची घटना किंवा इतर वाहतूक बघण्याचा. तो मोबाइलवर बोलण्याहून जास्त निघाला. ती पाहणी २००२ ची, तेव्हाचे मोबाइल वेगळे होते, हे ध्यानात ठेवूनही आकडा लहान नाही.

आणि डोळे समोर वळवले म्हणजे झालं असंही नाही. स्टीव्हन मोस्ट, मार्व्हिन चुन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर निसर्गदृश्यं आणि इमारतींची चित्रं भराभर येत होती, प्रत्येक एक दशांश सेकंद. त्यातलं एक चित्र आडवं फिरवलेलं असायचं, ते ओळखायचं. मध्येच एखादं रक्तबंबाळ चित्र आलं आणि त्यानंतर एक पंचमांश सेकंदाने फिरवलेलं चित्र आलं, तर लोकांना ते बऱ्याचदा दिसलंच नाही. डोळे पडद्यावर होते, चित्र समोरून गेलं, पण मेंदू अजून आधीच्या चित्रात अडकलेला होता. प्रयोगशाळेतला परिणाम सेकंदाच्या अंशाचा आहे. रस्त्यावर माणूस जे बघतो ते खरं असतं, तिथे आवाज असतो, कधी रडणं असतं. त्यातून बाहेर यायला जास्त वेळ लागतो, असं माझं निरीक्षण आहे.

अपघाताच्या समोर होणाऱ्या धडका बहुधा किरकोळ असतात, बंपर चेपतो, भांडण होतं. जीवघेणी धडक होते ती रांगेच्या शेपटाला. तिथे अपघात दिसत नाही, दिवे दिसत नाहीत, वळण किंवा चढ असेल तर रांगही दिसत नाही. मागून पूर्ण वेगात येणारा ट्रक आणि जवळजवळ थांबलेली गाडी यांची गाठ तिथे पडते. पुढे कुणीतरी घेतलेल्या अर्ध्या सेकंदाची किंमत काही किलोमीटर मागे असलेला, ज्याने काहीच बघितलेलं नाही, असा माणूस मोजतो. म्हणून रांगेच्या शेवटी याल तेव्हा हॅझर्ड लाइट लावा, पुढच्या गाडीशी बाजूला निघता येईल एवढं अंतर ठेवा आणि मागची गाडी हळू होतेय हे दिसेपर्यंत आरसा सोडू नका. या उत्तरातली दुसरी कुठलीच गोष्ट ध्यानात राहिली नाही तरी चालेल, ही ठेवा.

लोकांना बघण्यापासून थांबवता येतं का? थोडंफार. इंग्लंडमध्ये २०१२ च्या सुमारास अपघाताभोवती उभे करायचे पडदे वाटले गेले, जर्मनीतही काही राज्यांत ते वापरतात. मोठ्या, लांबत जाणाऱ्या अपघाताला ते चांगले. पण पडदा आणून उभा करायला वेळ आणि माणसं लागतात, वारा असेल तर आणखी कटकट. अर्ध्या तासात हटणाऱ्या गाडीसाठी क्रेन लवकर आणणं आणि गाडी मुख्य रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी नेऊन मग पंचनामा करणं हे मला जास्त पटतं. दुभाजकावरच्या उंच जाळ्या किंवा झाडी समोरच्या दिव्यांची तिरीप अडवायला लावलेल्या असतात, पण त्या बघ्यांनाही अडवतात. आणि जागा सुरक्षित झाल्यावर मदत पथकांनी गरजेपेक्षा जास्तीचे दिवे बंद करावेत. सुरुवातीला सगळे हवेत, तासभर सगळे नकोत.

शिक्षेचा मार्ग जर्मनीने नेटाने धरलाय. मदत करणाऱ्यांच्या वाटेत अडथळा आणणं तिथे २०१७ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अपघातात मेलेल्यांचे हिणकस फोटो काढणं २०२१ पासून. योहानिटर या मदतसंस्थेने रुग्णवाहिकांवर मोठे क्यूआर कोडसारखे ठसे छापून बघितले: चित्रण करायला कुणी मोबाइल रोखला की पडद्यावर आपोआप उमटतं, 'बघत बसल्याने जीव जातो'. मोबाइल काढणाऱ्यांबाबत मीही कडक आहे. मान वळणं आपोआप होतं, पण खिशातून फोन काढणं, तो उघडणं, कॅमेरा लावणं, रोखणं यातलं काहीच आपोआप होत नाही. आणि स्ट्रेचरवरच्या माणसाच्या घरच्यांना ती बातमी कुणाच्या तरी व्हिडिओतून कळते, हे मी घडताना पाहिलेलं आहे. त्याबद्दल मला कुणाचंही समर्थन ऐकायचं नाही.

आता तुमच्यापुरतं. हळू होणं चूक नाही. तुमच्याच बाजूला अपघात असेल तर हळू व्हायलाच हवं, लेन सोडून पलीकडे जायला हवं, कारण तिथे पायी फिरणारी माणसं असतात आणि त्यांचं लक्ष तुमच्याकडे नसतं. पलीकडच्या बाजूला असेल तर पुढच्या गाडीइतकाच वेग ठेवा. एकदा नजर जाईल, जाऊ द्या. ती परत आणायला एक ठरावीक जागा हवी, नाहीतर ती परत तिकडेच जाते. मी नव्या चालकांना सांगतो, पुढच्या गाडीच्याही पुढची गाडी शोधा आणि तिचे ब्रेक लाइट बघा. डोळ्यांना काम मिळालं की ते भटकत नाहीत. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला 'काय झालंय बघ' असं सांगू नका, तो सांगायला लागला की तुमची मान वळणारच. बघितल्याने हात थरथरत असतील तर तसंच रेटू नका. पुढे सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबा आणि पाणी प्या. असं होणं अगदी स्वाभाविक आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण त्याचं उत्तर द्यायला हवं. थांबायचं कधी? मदत पोचलेली असेल तर थांबू नका, प्रत्येक जास्तीची गाडी रुग्णवाहिकेची जागा अडवते. मदत पोचली नसेल तर मात्र, एवढे सगळे बघतायत म्हणजे कुणीतरी फोन केलाच असेल असं कधीही धरून चालू नका. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात, शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचं एकट्यानेच ऐकलं असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के वेळेत मदतीला उठले. आणखी चौघांनी ऐकलंय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ३१ टक्केच उठले. मोठ्या अपघाताचा पहिला फोन उशिरा येतो तेव्हा रस्ता रिकामा होता असं क्वचितच असतं.

थांबायचं तर अपघाताच्या बरंच पुढे जाऊन, रस्त्याच्या पूर्ण कडेला, हॅझर्ड लाइट लावून. गाडीतल्या बाकीच्यांना रस्त्यापासून दूर उभं करून मग फोन. फोनवर आधी जागा सांगा: रस्ता कोणता, कुठून कुठे जाणारी बाजू, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. मग किती गाड्या, कुणी आत अडकलंय का, कुणी बोलत नाहीये का, धूर किंवा इंधनाचा वास येतोय का, किती लेन बंद आहेत. पलीकडचा माणूस 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. बाजू सांगायची राहून गेली तर रुग्णवाहिका दुभाजकाच्या चुकीच्या अंगाला पोचते, आणि पुढच्या वळणावरून फिरून यायला तिला कित्येक मिनिटं लागतात.